उल्काच्या वाटणीचा चहा

कमलाकर काही जन्माचा डोंगरवेडा नव्हे. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, जेवण झालं की जांभया देणारा साधा माणूस. वेड होतं ते त्याच्या बायकोला, उल्काला. अमेरिकेतल्या वाळवंटी दऱ्यांचे फोटो बघता बघता तिनं ठरवून टाकलं होतं: ग्रँड कॅनियनच्या तळाशी उतरायचं आणि नदीकाठी बसून थर्मासमधला आल्याचा चहा प्यायचा. लोक चहाला टपरीवर जातात, या बाईला पार पाताळात जायचं होतं!

आता सिंगापुरात सरावाला डोंगर आणायचा कुठून? मग बेडोकमधल्या त्यांच्या उंच इमारतीचा जिना होताच. पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन वरपर्यंत चढायचं आणि लिफ्टनं खाली यायचं.

"अरे, उतरायचा पण सराव नको का?" उल्का विचारायची.

"उतरायला काय अक्कल लागते? गुडघे जप," हा म्हणायचा. घामानं शर्ट भिजला की पाणी प्यायचं, हा नियमही त्याचाच.

जायचं मात्र दर वर्षी राहून जायचं. कधी ऑफिसचं काम, कधी ऋग्वेदाची, म्हणजे लेकीची, परीक्षा. "पुढच्या वर्षी नक्की" म्हणता म्हणता उल्काला कॅन्सर निघाला आणि सगळंच संपलं.

दहाव्याला समुद्राकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. साळुंक्या भोवती नाचत होत्या, पण कावळा काही फांदीवरून हलेना. इथे पाखरांना खायला घालणं म्हणजे दंडाचं काम, त्यामुळे गुरुजींचीही चुळबुळ सुरू झाली. शेवटी कमलाकर हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "उल्का, तुझा चहा तुला नदीकाठी नेऊन देईन. शब्द देतो." तसा कावळा खाली आला. याला योगायोग म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा, कमलाकरनं मात्र तो शब्द गळ्यात बांधून घेतला.

आणि गेला एकटाच. सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी गेला. वाटेतली दोन राष्ट्रीय उद्यानं आधी पायी हिंडला. लाल कडे, भगव्या कमानी, आभाळ असं निळं की डोळे दुखावेत. पण "ए, ते बघ ना" म्हणावं तर शेजारी कोण? इतकं सुंदर एकट्यानं बघणं ही शिक्षाच आहे, असं त्याला पावलोपावली वाटत राहिलं.

तिथेच त्यानं घोळ घातला. दिवसभर चालूनही शर्ट कोरडाच. "घामच येत नाही इथे, मग पाण्याचं ओझं कशाला?" शहाण्यानं तर्क लढवला. अहो, घाम येत होता, पण त्या कोरड्या हवेत दिसायच्या आत उडून जात होता. बेडोकच्या दमट जिन्यात तयार झालेल्या गड्याला हे कसं उमगावं? ग्रँड कॅनियनच्या दिवशी त्यानं पाण्याची मोठी बाटली खोलीवर ठेवली आणि तिच्या जागी चहाचा थर्मास घातला.

दरीत आधी उतार, मग चढ. ज्या उतरण्याला अक्कल लागत नव्हती, त्यानंच त्याला लोळवलं. अर्ध्या वाटेत गुडघे लटलटायला लागले. ऊन डोक्यावर आलं, लहान बाटलीतलं पाणी संपलं. आणि खाली नदी दिसत होती, हिरवी, बारीकशी. तिथवर गेलो तर आज वर येणं होत नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं. क्षणभर वाटलं, नाही आलो तर नाही, उल्काकडे तरी पोचेन. मग ऋग्वेदाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तो रडत मागे फिरला.

चढताना जीभ टाळूला चिकटली. एका खडकाच्या सावलीत बसून तो आपल्या वाटणीचा चहा प्यायला. थोडं चढला, पुन्हा कोसळला. थर्मासमध्ये आता एकच कप उरला होता. "माफ कर गं," म्हणून त्यानं तोही तोंडाला लावला. तो इतका गोड लागला, इतका गोड लागला, की त्याला स्वतःचीच किळस आली. त्या कपाच्या जोरावर तो कसाबसा दरीच्या वरच्या काठावर पोचला.

चांगी विमानतळावर ऋग्वेदा घ्यायला आली होती. "पापा, आईला चहा दिलास?"

"नाही. तिचा चहा मीच प्यायलो."

ती त्याचा दंड धरून इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "इट्स ओके लाह, पापा. आईनंच दिला असता तुला."

"दिलाच असता गं. जन्मभर तीच देत आली," कमलाकर म्हणाला. "मला एकदाच द्यायचा होता."

हॉकर सेंटरात, म्हणजे इथल्या उघड्या खाऊगल्लीत, आजही कावळा टेबलाजवळ उतरला, की कमलाकर भरलं ताट तसंच ठेवून उठतो.