भांडुपच्या खाणीतलं पानिपत

इतिहास मला कोणी शिकवू नये. मी चौथी नापास, पण पानिपत तीनदा लढलोय आणि तिन्ही वेळा हरलोय! ऐंशीच्या दशकात आमची गिरणी बंद पडली, तेव्हा भांडुपच्या चाळीतले आम्ही दहा-बारा जण पिक्चरच्या लढायांत सैनिक म्हणून जायचो. लढाई दोन दिवसांत संपायची. किस्से मात्र घरी येऊन बसले, ते अजून उठायला तयार नाहीत.

*

पडद्यावर लाखाची फौज दिसते ना? सगळे मिळून आम्ही ऐंशी जण होतो! सकाळी मराठे, जेवण झालं की दाढी चिकटवून दुश्मन. पिक्चर लागला तेव्हा आमचा दिनू भर थेटरात उभा राहिला. "अरे, मला मीच भाला मारला!"

*

पानिपत म्हणजे सपाट मैदान, एवढं मलाही ठाऊक. आमची लढाई दगडखाणीत, मागे हा मोठा डोंगर! डायरेक्टर म्हणाला, "धुआँ छोडो, पहाड छुपाओ." इतका धूर सोडला, की पडलेले सगळे खोकायला लागले.

"अरे, मुर्दे खांस रहे हैं!"

*

हीरोचं तर नावच काढू नका. चाळीस जणांना कापतो, पण फेटा हलत नाही. मी डायरेक्टरला विचारलं, "साहेब, थोडा घाम तरी?"

"हीरो को पसीना नहीं आता."

बरं बाबा. त्याचा घाम पण आम्हीच गाळला.

*

बाबल्या कणकवलीचा. त्याला दुश्मनाचा सरदार केला. भाला लागल्याबरोबर बोंबलला, "मेलंय गे आये!"

डायरेक्टर भडकला. मी म्हटलं, "साहेब, मरताना माणूस आईला परक्या भाषेत हाक मारील काय?"

मान डोलावली. पण शॉट परत घेतलाच मेल्यानं!

*

आमच्यात गंगाराम तेवढा मरायचा नाही. बायकोनं, वत्सलावहिनीनं, शपथ घातलेली. "लढायचं तेवढं लढा, पण खोटं खोटंसुद्धा मरायचं नाही!"

सगळी फौज आडवी, हा एकटा उभा. डायरेक्टर ओरडायचा, "वो कौन जिंदा है?" आम्ही पडल्या पडल्या सांगायचो, "वहिनीचा नवरा!"

आम्हाला कामावर आणणाऱ्या सुपरवायझरनं दम दिला, "मर, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"नाही येत," गंगाराम म्हणाला.

शेवटी आम्हीच भांडून त्याच्या हातात नगारा दिला. नगारेवाल्याला कोणी मारत नाही.

*

वहिनी काविळीनं गेली. तेरावं झालं आणि गंगाराम आमच्या तिसऱ्या पानिपताला आला. नगाऱ्याकडे बघितलंही नाही. सुपरवायझरला म्हणाला, "आज मला मरणाऱ्यांत घाल."

कसला आवाज नाही, हातवारे नाहीत. सरळ आडवा झाला. कट झालं. मी शेजारीच मेलो होतो. कोपरानं ढोसला.

"ऊठ रे, कट झालं."

"पडू दे रे जरा."

मी परत डोळे मिटले. बाबल्या अर्धा उठला होता, त्यानं आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा पडला. मग दिनू. मग त्याच्या पलीकडचे.

डायरेक्टर भोंग्यातून ओरडत होता, "लंच! अरे लंच हो गया, उठो!"

बटाटेवड्याचा वास पार खाणीच्या तळापर्यंत आलेला. एकही मुडदा हलला नाही.