द्वादशीच्या सकाळी हललेल्या खुंट्या

पोलिसाच्या नोकरीत मी आठवणीत ठेवण्यासारखं फार काही केलं नाही. पण त्या खुंट्यांचं प्रकरण आजही आठवतं, आणि आठवलं की आधी नाकात नासलेल्या दुधाचा वास येतो.

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आमच्या गल्लीमागे एक मैदान होतं. आमचे रंगारी आजे-पणजे तिथे कपडे वाळत घालायचे. शहराच्या आराखड्यात ते मोकळी जागा म्हणून राखीव होतं. ते आरक्षण बदलायचं आणि एकट्यादुकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी तिथे पाच मजली, लहान लहान खोल्यांची दाट इमारत उठवायची, असा प्रस्ताव आला. हरकती मागवल्या गेल्या. मोजणीवाल्यांनी इमारतीच्या कोपऱ्यांवर लाल डोक्याच्या लाकडी खुंट्या ठोकल्या. आणि त्या खुंट्या मधूनमधून जागा सोडू लागल्या.

तक्रार आली, मी पंचनामा केला. खुंट्या मूळ जागेपासून गल्लीच्या बाजूला सरकलेल्या, पण व्यवस्थित ठोकलेल्या. खोडसाळ माणूस खुंटी उपटून फेकतो, पुन्हा सरळ रेषेत ठोकत बसत नाही, हे शिकाऊ शिपायालाही सुचलं असतं. मी मात्र ‘अज्ञात इसमाचा खोडसाळपणा’ असं लिहून मोकळा झालो. मोजणीवाले खुंट्या परत लावायचे, त्या परत सरकायच्या.

नजरबादच्या नगररचना कचेरीतून विचारणा झाली की जागेबाबत स्थानिकांचा विरोध आहे का. माझ्या अहवालावर बरंच अवलंबून होतं. ‘जागा वादग्रस्त’ एवढे दोन शब्द लिहिले असते, तरी प्रस्ताव बासनात गेला असता.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या पानवाल्याने खबर दिली. वरुणा गावाकडून मोटरसायकलवर दूध घेऊन येणारा गवळी रोज पहाटे त्याच मैदानात थांबतो, म्हणे. मैदान गेलं तर त्याची दूध वाटायची जागा जाणार. हेतू मिळाला, हजेरी मिळाली, मला आणखी काय हवं होतं? कॅनसकट त्याला स्टेशनात आणून बसवलं. सगळी सकाळ विचारत राहिलो. दरडावलं, समजावलं, चहा पाजला. तो एकच सांगत राहिला, “पाहिलं नाही सर.” मी “तू केलंस का” विचारत होतो आणि तो “पाहिलं नाही” म्हणत होता, यातली गोम माझ्या लक्षात आली नाही. दुपारी कॅन उघडला तर दूध फाटलेलं. माझ्या हवालदाराने गंभीर चेहऱ्याने विचारलं, मुद्देमाल म्हणून पनीर जमा करू का?

गवळ्याला सोडलं आणि गल्लीत चौकशीला गेलो. शिवणाच्या बंद दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक काकू एकट्या राहायच्या. मला लहानपणापासून ओळखायच्या. त्यांची खिडकी मैदानावर उघडते म्हणून त्यांना विचारलं. “कसल्या खुंट्या रे? सुम्ने बस, चिवडा खा,” म्हणाल्या. मी गप्प बसलो आणि चिवडा खाल्ला. जबाब झाला.

पुढच्या खेपेला खुंट्या हलल्याचा फोन आला तेव्हा मी घरी जेवायला बसलो होतो. बायकोचा एकादशीचा उपवास द्वादशीला भल्या सकाळी सुटतो, आणि त्या दिवशी आमच्याकडे नाश्त्याऐवजी पुरं ताट असतं. हातातली पुरी ठेवून मी कुरकुरलो की हा फोन नेमका पुऱ्यांच्या वेळीच येतो.

बायको म्हणाली, “दर वेळी पुऱ्यांच्याच वेळी? मग हे दर द्वादशीलाच होतंय की हो.”

सुगावा माझ्या ताटात वाढलेला होता. मी तो श्रीखंडाला लावून खात होतो.

“आता पुढच्या एकादशीला काकूंना विचारा,” ती म्हणाली. “उपवासाला त्या खोटं बोलत नाहीत. उपवास मोडतो म्हणतात.”

एकादशीला गेलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “आज आलास होय. बायकोने पाठवलं?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. गुडघे गेलेले. जिना उतरलं की चढायची धास्ती, म्हणून एरवी उतरणं जवळजवळ बंद. फक्त द्वादशीच्या पहाटे दोन शेजारणी दंडाला धरून त्यांना गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळात नेत. परतताना त्या तिघी मैदानात शिरत आणि खुंट्या उपटून खलातल्या बत्त्याने पुन्हा ठोकत. गवळ्याने एकदा पाहिलं होतं. काकूंनी त्याला गप्प राहायला सांगितलं, तो राहिला.

“म्हणजे तुम्हाला ती इमारत नकोय,” मी म्हणालो. अहवाल मनात तयारही होता.

काकू म्हणाल्या, “नको कशी? मला खालची खोली मिळाली तर मी रोज बाहेर पडेन. पण त्यांनी इमारत पार पलीकडच्या मोठ्या रस्त्याकडे लोटलीय. दार तिकडे, गल्लीकडे भिंत. तिकडे मला कोण ओळखतं? मी चार दिवस दिसले नाही, तर इथलं दार कुणीतरी वाजवतं. आम्ही इमारत जरा अलीकडे ओढत होतो, एवढंच.”

‘स्थानिकांचा विरोध’ हे शब्द मी कागदावर आणले नाहीत. लिहिलं ते असं: रहिवाशांना इमारत हवी आहे, तिचं दार गल्लीकडे असावं अशी त्यांची मागणी आहे. काकूंना खुंट्यांबद्दल रीतसर समज दिली. त्यांनी ती चिवड्यासह स्वीकारली. सुनावणीच्या दिवशी मी आणि त्याच गवळ्याने त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. त्याला मी आधी विचारलं होतं, दूध वाटून झालं का.

आरक्षण बदललं, आणि इमारतीला गल्लीकडे दार मिळालं. गुन्ह्यात फायदा कुणाचा, हे विचारायला मला नोकरीने शिकवलं होतं. तिथे राहणार कोण, हा प्रश्न काकूंनी शिकवला.

मुलं परगावी गेल्यावर आम्ही दोघं आता तिथेच राहतो, गल्लीच्या बाजूला. काकू तळमजल्यावर आहेत. परवा बायकोने विचारलं, “इथे आलो ते बरं केलं ना?” मी हो म्हणालो.

तिने कॅलेंडरकडे पाहिलं. “थांबा,” म्हणाली, “एकादशीला परत विचारते.”