नानांच्या पाटावर

पानावर तिसरा वडा पडला तेव्हा माझ्या पोटात एका घासाची जागा उरली होती. समोर भाताची मूद जवळजवळ तशीच होती. अळूची भाजी, आमसुलाची चटणी, कढी, लाडू आणि खिरीची वाटी, सगळं माझ्याकडं बघत होतं. मला बोलता येत नव्हतं, कारण श्राद्धाचं जेवण मौनात जेवायचं असतं. मधेच उठताही येत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसलेल्या आक्का माझ्या पानावरची नजर हलवत नव्हत्या.

मी तुळजापूरचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी चालत आलेली आहे. लोकांना वाटतं, गुरुजीचं काम मंत्र म्हणण्याचं. ते निम्मं काम. उरलेलं निम्मं जेवण्याचं. वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या जागी ब्राह्मणाला पाटावर बसवतात आणि जेवू घालतात. तो जेवला की गेलेला माणूस जेवला असं धरायचं. पूर्वी देवांच्या पाटावर वेगळा ब्राह्मण बसायचा, पितरांच्या पाटावर वेगळा. आता माणसं मिळत नाहीत, म्हणून देवांच्या पाटावर दर्भ ठेवतात आणि पितरांच्या पाटावर मला. मंत्र सांगायला माझा चुलतभाऊ विनायक असतो. त्याचा आवाज चांगला आणि माझी भूक चांगली, एवढ्या साध्या हिशेबावर आमची कामाची वाटणी झाली होती.

माझं वजन एकशे अठ्ठावीस किलो होतं. आमच्या धंद्यात ते कुणाला खटकत नाही, उलट जाडजूड गुरुजी दारात आला की यजमानाला बरं वाटतं. पण गुडघे गेले, शुगर वाढली, आणि रात्री झोपेत श्वास अडकायला लागला. बायको उठून मला हलवायची. एक दिवस ती म्हणाली, "मी जागी राहते म्हणून तुम्ही जिवंत आहात. मला एकदा झोपू द्या." त्याच आठवड्यात आम्ही सोलापूरला डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टरांनी केसपेपर पुढं ओढला.

"काम काय करता?"

"भिक्षुकी."

"म्हणजे दिवसभर नेमकं काय?"

"सकाळी पूजा, दुपारी जेवण."

"आणि संध्याकाळी?"

"दुपारच्या जेवणातून उठतो."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर पिशवीचं चित्र काढलं आणि त्यावर उभी रेघ मारली. या ऑपरेशनला स्लीव्ह म्हणतात. पोटात दुर्बीण घालून जठराचा मोठा भाग कापून बाहेर काढतात, उरलेलं स्टेपल करतात, आणि मग केळाएवढी नळी शिल्लक राहते. कापलेल्या भागातच भूक लावणारं काहीतरी तयार होतं, म्हणून भूकही कमी होते. डाएटिशियन मॅडम वेगळ्या बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, बाहेरचं जेवण आता बंद. मी म्हणालो, मॅडम, बाहेरचं जेवण हेच माझं ऑफिस आहे.

ऑपरेशन झालं. पहिले दोन दिवस माझ्या पलंगाला 'निल बाय माउथ' अशी पाटी होती. म्हणजे तोंडानं काहीही द्यायचं नाही. नर्स ओल्या कापसानं ओठ पुसून जायची. मग घोट घोट पाणी, मग गाळलेलं वरण, मग मऊ भात. सात महिन्यांत मी नव्वदच्या आत आलो. गुडघे गप्प झाले आणि बायको झोपायला लागली. जेवण एका वाटीवर आलं. सोबत दोन नियम मिळाले होते. जेवताना पाणी प्यायचं नाही, आणि गोड जपून खायचं. गोड या नळीतून भर्रकन आतड्यात उतरतं आणि माणसाला घाम फुटतो, छाती धडधडते, गरगरतं. याला डंपिंग म्हणतात. नाव कचऱ्याच्या गाडीचं वाटलं तरी अंगावर आल्यावर त्याचा मान राखावा लागतो.

यजमानांना मी स्वतःच कळवत होतो. मंत्राला येईन, पाटावर दुसरा माणूस देईन. बहुतेकांनी ऐकलं. येडशीच्या शरदनं ऐकलं नाही. शरद धाराशिवला बँकेत आहे. त्याचे वडील, नाना, मला चांगले ठाऊक होते. ते गेल्यापासून त्यांच्या पाटावर मीच बसत आलो होतो.

"गुरुजी, आईला तुम्हीच पाहिजेत," शरद फोनवर म्हणाला. "बाकीचे गुरुजी चाखतात. तुम्ही जेवता."

"आता मीही चाखतो. जठर काढलंय माझं."

"थोडं तरी खाल ना?"

"वाटीभर."

"मग आईला सांगू नका. रात्र रात्र झोपायची न्हाई ती."

का झोपणार नाहीत, ते मला माहीत होतं. नानांचं आतड्याचं दुखणं होतं. शेवटचे दिवस ते सोलापूरच्याच एका दवाखान्यात होते आणि त्यांच्याही पलंगाला तीच पाटी होती. नाना हातानं वाटीची खूण करायचे. आक्कांनी, म्हणजे शरदच्या आईनं, घरून रव्याची खीर करून नेली. नर्सनं डबा उघडूही दिला नाही. नाना गेले, आणि भरलेला डबा तसाच एसटीनं येडशीला परत आला. तेव्हापासून आक्कांनी खीर तोंडात घातली नाही. श्राद्धाच्या दिवशी मात्र खीर त्या स्वतः करतात, सुनेला हात लावू देत नाहीत. खिरीचं पातेलं दरवर्षी मोठं होत गेलं. माझ्या जेवणाचा तो मान आहे, असं मी समजत होतो.

नाना उपाशी गेले, एवढं एकच आक्कांच्या डोक्यात होतं. वर्षातून एक दिवस ते माझ्या तोंडानं जेवायचे. आणि मी पोटाला स्टेपल मारून आलो होतो.

दारात मला बघून त्या उभ्याच राहिल्या.

"हे काय झालं तुम्हाला? शुगर का?"

"आटोक्यात आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"लईच वाळलाव हो. बसा, आज नीट जेवा."

विनायकनं शरदला सोवळं नेसायला पाठवलं आणि मला बाजूला घेतलं. "काय करणार आहेस?"

"हळूहळू खाणार."

"किती हळू? मला चारला वाशीत सत्यनारायण आहे." ही वाशी आमच्या जिल्ह्यातली, मुंबईकडची नव्हे.

पूजा झाली, पिंड झाले, पान वाढलं. सुरुवातीलाच आपोशन आलं. म्हणजे जेवणाआधी तळहातावरचं पाणी प्यायचं. जेवताना पाणी नाही हा डॉक्टरांचा नियम तिथंच मोडला. मग मी भाताची शितं मोजल्यासारखे घास घेऊ लागलो, चावून चावून. शरदची बायको स्वाती वाढत होती. पुरे म्हणून मी हात वर केला. पण त्या घरात इतकी वर्षं माझा हात आणखी वाढा म्हणूनच वर होत आला होता. तिनं वडा टाकला. मी जोरात हात हलवला, तिनं आणखी एक टाकला. विनायक मधे पडून म्हणाला, "वहिनी, थांबा," तोवर तिसरा पडला होता.

बराच वेळ गेला. पान भरलेलंच होतं.

"आई, गुरुजी हळूच जेवायलेत आज," शरद उगाच म्हणाला.

आक्कांचा चेहरा उतरत गेला आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं गेलं. मला फार वाईट वाटलं. मी मंत्रातला माणूस आहे, धीराचे चार शब्द बोलणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तिथं नेमकं तोंड बंद होतं. शेवटी त्याच बोलल्या.

"खीर तरी घ्या की हो. त्यांच्यासाठी केलीय."

मी खिरीची वाटी उचलली. दोन चमचे चालले असते. मी आक्कांकडं बघितलं आणि वाटी संपवली.

पाच-सात मिनिटांत घाम फुटला. आधी कपाळाला, मग पाठीला, मग सोवळं भिजलं. छातीत ढोल वाजायला लागला. समोरचा शरद दोन दिसायला लागला. मी पाटावरून न उठता मागं सरकून भिंतीला टेकलो आणि डोळे मिटले. घरात पळापळ झाली.

"हार्ट असणार," शरद म्हणाला. "एकशेआठला फोन लावतो."

"थांब," विनायक म्हणाला. "ते मौनात आहेत. हार्ट असतं तर बोलले असते."

"असं कुठं असतंय का? घामानं निथळायलेत ते!"

"सगळं सांगितलंय त्यांनी मला. पोटाचं ऑपरेशन झालंय. गोड खाल्लं की असं होतं, थोड्या वेळानं उतरतं."

"ऑपरेशन?" हा आवाज आक्कांचा होता. "शरद, तुला माहीत होतं?"

शरदनं फोन खाली ठेवला.

आक्का स्टुलावरून उठल्या. इतक्या वर्षांत श्राद्धाच्या जेवणात त्या कधी पाटाजवळ आल्या नव्हत्या. त्यांनी पंचा ओला करून माझ्या हातात दिला आणि स्वातीला म्हणाल्या, "आता पानावर काही वाढू नको. त्यांना नको झालंय." मग तिथंच खाली बसल्या. पंखा फिरत होता. हळूहळू ढोल थांबला आणि शरद पुन्हा एक झाला.

मी सरळ बसलो आणि विनायकला मान हलवून खूण केली. राहिलेला विधी पुरा करणं भाग होतं. जेवण संपताना यजमान विचारतो, "तृप्ताः स्थ?" म्हणजे पोट भरलं का, समाधान झालं का. ब्राह्मण उत्तर देतो, "तृप्ताः स्मः." म्हणजे तृप्त झालो. एवढ्यापुरतं बोलायला परवानगी असते. शरदनं विचारलं. मी उत्तर दिलं. शेवटचं पाणी घेतलं, हात धुतले आणि मौन सुटलं.

मग मी आक्कांना सगळं सांगितलं. झोपेतला श्वास, पिशवी, केळाएवढी नळी, सगळं. शेवटी म्हणालो, "आक्का, मला माफ करा. नानांचं जेवण आज नीट झालं नाही."

त्यांनी भलताच प्रश्न विचारला. "म्हणजे तुम्हालाबी पाटी लावली होती? काही देऊ नका म्हणून?"

"व्हय. दोन दिवस."

"लई भूक लागली असंल."

इथं मला सोयीचं उत्तर देता आलं असतं. त्यांना काय ऐकायचं आहे ते स्पष्ट होतं. पण नानांच्या पाटावरून नुकताच उठलो होतो, म्हणून जेवढं ठाऊक होतं तेवढंच बोललो. "नानांचं मला सांगता येणार नाही, आक्का. माझं सांगतो. भूक नव्हती. पोट गप्प होतं. तरी मी बायकोला दोनदा पिठलं मागितलं. खायला नाही. घरचं काहीतरी जवळ असावं म्हणून."

आक्कांनी दारातल्या पातेल्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "एक सांगू का? राग मानू नका."

"सांगा."

"एवढी वर्षं तुम्ही तृप्त झालो म्हणायचात आणि उठताना पातेल्याकडं बघायचात. दर वर्षी. मला वाटायचं, ह्यांचं पोट भरलं न्हाई. खीर कमी पडली. म्हणून मी पुढच्या वर्षी वाढवायची."

विनायक खोकला. मी जमिनीकडं बघितलं.

"आज न्हाई बघितलं तुम्ही," आक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज मोकळा होता. "आज खरंच भरलंय त्यांचं."

मी आयुष्यभर तो मंत्र म्हणत आलो आहे आणि तो कधी खरा होता असं मला आठवत नाही. कितीही जेवलो तरी पुढच्या वड्यासाठी कोपऱ्यात जागा असायची. त्या दिवशी जागा नव्हती. पातेलं दारात होतं, पण ते तिथं आहे हेसुद्धा उठताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

विनायकला वाशीला उशीर झाला आणि त्यानं तो राग माझ्यावर आठवडाभर काढला. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी डंपिंगबद्दल विचारलं. मी खीर सांगितली. ते म्हणाले, "तुम्हाला नाही म्हणता येत नाही का?" मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडं ते मौनात म्हणावं लागतं."

यातून धंद्याचा धडा एवढाच. गुरुजी किती जेवला हे यजमान मोजतात, असा माझा समज होता. तो उठताना कुठं बघतो हे मोजणारी माणसंही असतात.

यंदा आक्कांनी मला आधी फोन करून साखर किती चालेल ते विचारलं. पातेलं नव्हतं, लहान गंज होता. मी दोन चमचे खीर खाल्ली आणि विचारल्यावर तृप्त झालो म्हणालो. मग घरची माणसं जेवायला बसली. स्वातीनं सवयीनं आक्कांच्या पानाला खिरीची वाटी लावली नाही. आक्कांनी हात लांब करून गंज स्वतःकडं ओढला आणि उरलेली खीर पानावर वाढून घेतली.