शहाणी

जुन्या जालन्यात त्या काळी पोरीच्या पायांना दोनच कामं होती, पाण्याला जायचं नि पाणी घेऊन यायचं. रखमाजीच्या द्वारकीनं तिसरं काम काढलं. ती फुटबाल खेळायची. हसू नका, खरं सांगतोय. आणि खेळायची म्हणजे चिंध्यांच्या चेंडूला लाथा घालत नव्हती; वादीनं आवळलेला, हवा भरलेला, कातडी, विलायती फुटबाल. ती सगळ्यात पुढं उभी राहायची, कारण गोल करायचं काम तिचं. साल फसली तेराशे सत्तेचाळीस, म्हणजे आपलं एकोणीसशे अडतीस. मुलखावर निजामाचं राज्य नि घरात नंदाआत्याचं.

तिचा बाप रखमाजी कापसाच्या जिनात मुकादम होता. एका हंगामात त्याचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. गावाबाहेर विलायती बायकांचा छोटा दवाखाना होता, शेजारीच त्यांची मुलींची शाळा. तिथल्या बायकांनी महिनाभर खपून तो हात वाचवला. उपकार कसे फेडू म्हणून रखमाजी रडायला लागला, तर शाळेच्या मडमबाई म्हणाल्या, मुलगी शाळेत पाठवा. माणूस गेला अडकून. पोरीला बाटवतील या धास्तीनं त्याला आठ दिवस अन्न गोड लागेना, पण हो म्हणून बसला होता. त्याची थोरली विधवा बहीण नंदाआत्या, तिनं तर घर डोक्यावर घेतलं. तरी द्वारकी शाळेत गेली. तेव्हा ती दहा वर्षांची होती.

शाळेभोवती दीड पुरुष उंच भिंत होती. आत कडुलिंबाची झाडं नि मोठं अंगण. बाहेरून कुणाला काही दिसायचं नाही, म्हणून तर गयासोद्दीन टांगेवाल्याची मैमूनासुद्धा पडद्याच्या टांग्यातून यायची, बुरखा झाडाला टांगायची नि दोन बांबूंच्या मधे चेंडू अडवायला उभी राहायची. जिनाच्या आवारात रुईचे गोळे उडवून उडवून द्वारकीचा पाय आधीच तयार झालेला. तिनं मारावं, मैमूनानं अडवावं, नि अडवता आलं नाही की दख्खनीत शिव्या द्याव्यात. दोघींचं मेतकूट असं जमलं की मधल्या सुट्टीत एकीच्या भाकरीवर दुसरीचा हक्क.

या मडमबाई मराठी शिकल्या होत्या पुस्तकातून. 'तू चेंडूस पाय लाव' असं बोलायच्या आणि पोरी पदरात तोंड घालून हसायच्या. बाईंना राग यायचा नाही. झग्याच्या खिशात एक वही असायची, नवा शब्द ऐकला की लगेच टिपून घ्यायच्या. सगळ्यात जास्त शब्द त्यांना द्वारकीनंच दिले. आगाऊ, चिंगूस, हावरट. एकदा द्वारकीनं समोर मोकळा गोल असताना स्वतः न मारता बारक्या पोरीच्या पायाशी चेंडू सरकवला. तिलाही कधी गोल करू द्यावा, म्हणून. बाईंनी विचारलं, अशा समजूतदार मुलीला तुमच्यात काय म्हणतात? द्वारकी म्हणाली, "शहाणी." बाईंनी तेही टिपून घेतलं.

खेळायच्या आधी द्वारकी आपल्या पायातली जोडवी काढून पदराच्या गाठीला बांधायची. जोडवी घालून चवड्यानं चेंडू मारून बघा, मंग कळेल. आणि जोडवी म्हटल्यावर तुम्ही ओळखलंच असेल, द्वारकी लग्नाची होती. सातव्या वर्षी तिला जाफराबादच्या रामरावांच्या बद्रीनाथाला दिली होती. नवऱ्याचं तोंड तिनं एकदाच बघितलेलं, तेही मुंडावळ्यांच्या आडून. तो तेव्हा शेंबूड पुसत होता एवढंच तिला आठवायचं. मांडवात पाच माणसांसमोर रखमाजीनं व्याह्याला शब्द दिला होता, पोरगी शहाणी झाली की नांदायला धाडतो.

आता हे शहाणी होणं म्हणजे अक्कल येणं नव्हे. पोरीला पहिलं न्हाण आलं की आपल्याकडं तसं म्हणतात. मोठ्या माणसांना खऱ्या गोष्टीची लाज वाटते, म्हणून त्यांनी बिचाऱ्या चांगल्या शब्दाला त्या कामाला जुंपलंय.

द्वारकी शहाणी झाली चौदाव्या वर्षी, पौषात, शाळेतल्या धुण्याच्या दगडामागं. लुगड्याचा डाग बघून ती मटकन खाली बसली. घाबरली ती रक्ताला नाही, जाफराबादला. घरी कळलं की मखर, ओटी, बैलगाडी, संपलं. तिनं एकट्या मैमूनाला सांगितलं. मैमूनानं स्वतःची ओढणी फाडून दिली, कपडे धुवायची जागा दाखवली नि गळ्याला चिमटा घेऊन शपथ खाल्ली, कुणाला बोलणार नाही.

असे पाच महिने गेले. तुम्हाला वाटेल, लपवणं सोपं असेल. घरात नंदाआत्या होती. ती पोरीची चाल बघायची, तोंड बघायची, वाळत घातलेले कपडे उलटेपालटे करून बघायची. 'अजून कशी होईना गं ही?' असं दर पंधरा दिवसांनी आईला विचारायची. देवापुढं दिवा लावायचं काम द्वारकीचं होतं. त्या चार दिवसांत खरं तर तिनं दाराबाहेर बसायचं, कशाला शिवायचं नाही. ती शिवत होती सगळ्याला. पाण्याच्या हंड्याला, आईच्या भाकरीला, देवाला. म्हैस आटली तेव्हा तिला वाटलं, आपल्यामुळं. बापाला ताप आला तेव्हा ती कडुलिंबाखाली जाऊन रडली. घरात एकेक भिंत रोज वीतभर पुढं सरकत असल्यासारखं तिला वाटायचं. श्वास मोकळा व्हायचा तो शाळेच्या अंगणातच. तिथंही भिंत होतीच म्हणा, पण तिच्या आत पळता येत होतं.

जेठात मडमबाईंनी सामना ठरवला. औरंगाबादच्या छावणीतल्या साहेबांच्या पोरी रेल्वेनं जालन्याला येणार. आल्या. बूट, मोजे, लाल रिबिनी. आमच्या पोरी अनवाणी, कासोटा खोचून. पहिला गोल त्यांनी केला. मंग द्वारकीचं डोकं फिरलं. पोटात कळा मारून राहिल्या होत्या, तो तिसरा दिवस होता, पण तिनं चेंडू पायाला जो चिकटवला तो बांबूंच्या मधूनच बाहेर काढला. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी त्यांची गोल अडवणारी पोरगी चेंडू बघून बाजूलाच झाली. मैमूना तिकडून ओरडत पळत आली नि दोघी मातीत लोळल्या. पाच महिन्यांत द्वारकी पहिल्यांदा पोटभर हसली.

सामना बघायला हैदराबादहून मडमबाईंची एक मैत्रीण आली होती. मुलींच्या शाळांसाठी कसरतीच्या मास्तरणी तयार करायची त्यांची शाळा होती. दोन वर्षं राहायचं, खेळायचं, मंग नोकरी. द्वारकीला आम्ही घेतो, असं ती म्हणाली. फक्त बापाची संमती पाहिजे.

द्वारकीला रात्र सरेना. बाप नाही म्हणणार नाही, हे तिला माहीत होतं. ज्या हातानं संमतीवर सही करायची तो हात मडमबाईंच्याच कृपेचा. आणि सासरच्यांना सांगायला कारणही तयार होतं, की पोरगी अजून शहाणी झाली न्हाई, घरी बसून तरी काय करणार, शिकून येऊ द्या. म्हणजे सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता. घरात कळता कामा नये. बस, हैदराबादला निघेपर्यंत, आठ दिवस.

रविवारी मडमबाई स्वतः रखमाजीकडं गेल्या. द्वारकी तेव्हा कुंडलिका नदीवर धुणं घेऊन गेल्ती. परत आली तर दारात शेजारच्या चार बायका. आई तुळशीजवळ बसून डोळे पुसत होती. नंदाआत्यानं पुढं येऊन तिच्या डोक्यावरचं धुण्याचं गाठोडं उतरवलं, खाली टाकलं आणि फाडकन एक मुस्काटात दिली. मंग त्याच हातानं कुंकू लावलं.

"परक्या मडमेनं घरी येऊन सांगावं लागलं आम्हाला," आत्या म्हणाली. "किती महिने झाले गं, भवाने?"

द्वारकीशिवाय जगात ही गोष्ट एकाच माणसाला ठाऊक होती.

जाफराबादला त्याच दिवशी माणूस गेला. घरात मखर बांधलं, केळीचे खुंट लावले, द्वारकीला हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं. बायका येत, ओटी भरत, चावट गाणी म्हणत. सोनाराला बोलावून आत्यानं जोडवी नवी घडवून घेतली, जाड, नि पायात असतानाच ठोकून तोंडं मिटवली. आता काढायची तर कातरावीच लागली असती. द्वारकी पायाकडं बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी मैमूना आली. बुरखा वर करून ती मखराजवळ वाकली, हळूच काहीतरी सांगायला लागली. द्वारकीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"मैं नई बोली, द्वारका. अल्लाकसम, किसी कू नई बोली."

द्वारकी वळली नाही. मैमूनानं बुरखा खाली ओढला, मंग टांग्याचा आवाज लांब गेला. द्वारकीला असं वाटत होतं की गोल झाला तो मागून, आपल्याच माणसानं केला. तिला सासरचं जेवढं दुःख नव्हतं तेवढं याचं होतं.

चौथ्या दिवशी मडमबाई आल्या. हातात बापाच्या सहीचा कागद नि पत्र्याची नवी ट्रंक, हैदराबादला न्यायची. मखर बघून त्यांना वाटलं, पोरगी परगावी शिकायला चालली म्हणून घरात सण मांडलाय. फार खूश झाल्या. मंग केळीचे खुंट, हिरवं लुगडं, दारात सोडलेली जाफराबादची गाडी, असं एकेक बघत गेल्या तसा चेहरा उतरत गेला. द्वारकीजवळ बसल्या. म्हणाल्या, वडील तर त्या दिवशी लगेच हो म्हणाले. हात जोडून म्हणाले.

"तुम्ही काय सांगितलं त्यांना?" द्वारकीनं विचारलं. तिला मैमूनाचं नाव ऐकायचं होतं. एकदाचं ऐकून मन मारून टाकायचं होतं.

बाईंनी वही काढली. त्या दिवशी बोलायचं वाक्य त्यांनी आधी लिहून, पाठ करून नेलं होतं, एकही चूक होऊ नये म्हणून. बोट ठेवून त्यांनी ते वाचून दाखवलं. "'तुमची द्वारका आता शहाणी झाली आहे. आता तिला पाठवा.' ते म्हणाले, पाठवतो."

आत बायका हसत होत्या. द्वारकी वहीकडं बघत राहिली. तो शब्द तिच्याच तोंडचा होता, बाईंनी वळणदार अक्षरात लिहिलेला, खाली दोन रेघा ओढून.

बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मी चुकले का, द्वारका? शब्द चुकीचा आहे?"

"न्हाई बाई. शब्द बराबर हाय. मीच शिकिवला व्हता." तिनं डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. "माझं एक काम करा. मैमूनाला जाऊन सांगा, द्वारका येडी हाय म्हणावं."

बाहेर गाडीवान बैल जुंपत होता. नंदाआत्यानं हाक मारली, ऊठ, जल्दी कर, ऊन व्हायच्या आत निघायचंय. द्वारकी उठली. मिटलेली जोडवी फरशीवर वाजली. मडमबाईंना काय करावं सुचेना. सवयीनं त्यांचा हात पेन्सिलीकडं गेला.

"येडी म्हणजे काय?"

"शहाणीच्या उलट, बाई," द्वारकी म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.