गोड्या पाण्यावरचा मराठी वर्ग

मस्कतमध्ये मराठीचा वर्ग चालवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी मी तो चालवते. दर शनिवारी सकाळी, रुवीतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, सोफा भिंतीला सरकवून. सात मुलं येतात. त्यांच्या आया त्यांना दारात सोडतात, तिथूनच ‘टीचर, घ्यायला थोडा उशीर होईल हं’ म्हणतात आणि भाजी, पार्लर, काय काय उरकायला निघून जातात. मुलं मला आंटी म्हणतात. मावशी म्हणा, असं मी हजारदा सांगितलं. ‘ओके आंटी,’ म्हणतात.

आठवी विद्यार्थिनी घरातलीच, माझी मुलगी. ती तेरा वर्षांची आहे आणि तिचं मराठी ऐकलं की माझं डोकं उठतं. मी आली, मी गेली, मी जेवली. आली नाही गं, आले. ‘सेम थिंग,’ ती म्हणते. पुण्याहून माझ्या आईचा फोन आला की ‘मी बरी आहे’ एवढं बोलून फोन माझ्या हातात. नशीब, त्या वाक्यात चूक करायला जागाच नाही.

मला तिच्याकडून निबंध नको होते. माझी हाव एवढीच होती, की तिनं कधीतरी मनातली एखादी गोष्ट माझ्याशी मराठीत बोलावी. काही बिनसलं की ती इंग्रजीत बोलते, भराभर, खोलीचं दार अर्धं लोटून. इंग्रजी मलाही येतं, ऑफिसात दिवसभर तेच बोलते. पण पोटच्या पोरीशी मी ऑफिसच्या भाषेत भांडते, हे मला सहन होत नाही. वर्ग मी सात जणांसाठी चालवते असं सगळ्यांना सांगत असले, तरी तो एकीसाठी आहे, हे नवऱ्याला ठाऊक आहे. तो तसं बोलून दाखवत नाही, हा त्याचा चांगुलपणा.

म्हणून ते क्रूझचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. कुरियातच्या पुढे डोंगरात धरण आहे आणि त्याच्या पाण्यावर मुलांसाठी शैक्षणिक क्रूझ निघते, अशी जाहिरात कुणीतरी ग्रुपवर टाकली होती. ओमानमध्ये नदी नाही, तळं नाही, वाद्या, म्हणजे इथले ओढे, वर्षातले बरेच महिने कोरड्या. एवढं मोठं गोडं पाणी मुलांनी पाहिलंच नव्हतं. मी ठरवलं, वर्ग बोटीवर भरवायचा. प्रत्येकानं पाण्याबद्दल पाच वाक्यं बोलायची, मराठीत. चार भिंतींत तोंड उघडत नाही ना, मग उघड्यावर उघडेल. दोन आठवडे मी गोडं पाणी, खारं पाणी, काठ, खोल, उथळ असे शब्द घोटून घेतले. क्रूझ या शब्दामुळे सातही मुलं यायला तयार झाली. दोन आयाही आल्या, मोठ्या हॅट घालून.

मुलं आणि त्या दोघी भाड्याच्या कोस्टर मिनीबसमध्ये, आम्ही तिघं आमच्या गाडीत, मागे पाण्याचे खोके आणि इडल्यांचे डबे. शुक्रवारची सुटी होती, रस्ता रिकामा. वादी अदाई ओलांडून आम्ही अमेरातकडे वळलो आणि मागच्या सीटवरून पुटपुट ऐकू आली. मुलगी खिडकीकडे तोंड करून काहीतरी पाठ म्हणत होती.

‘आई, इच्छा ती की तो?’ तिनं विचारलं.

मला आधी खरंच वाटेना. एवढ्या वर्षांत तिनं आपणहून विचारलेली व्याकरणातली ही पहिली शंका. ती, मी म्हणाले, माझी इच्छा. थोड्या वेळानं आणखी एक शंका आली: मी बोलली नाही, की बोलले नाही? बोलले, मी म्हणाले, शाब्बास. धरणाबद्दलच्या पाच वाक्यांत इच्छा कुठून आली, असं मी विचारलं तर म्हणाली, ‘सरप्राइज.’ मी नवऱ्याकडे लढाई जिंकल्यासारखं पाहिलं. पुढचा सगळा रस्ता ती पुटपुटत होती आणि मी मुद्दाम रेडिओ लावू दिला नाही.

तिथे पोहोचलो तर बोट नाही. काठावर एक शेड आणि बंद खिडकी. फोन केला तर इन्शाल्ला, पाच मिनिटं. इन्शाल्लाची पाच मिनिटं किती मोठी असतात, हे इथे इतकी वर्षं काढलेल्या माणसाला सांगायला नको. उन्हात मुलं कोस्टरच्या सावलीला चिकटून बसली आणि इडल्या संपवल्या. अखेर बोट आली. छत ताडपत्रीचं आणि खाली प्लास्टिकच्या खुर्च्या. हॅटवाल्यांपैकी एकीनं मला विचारलं, हीच का क्रूझ? हात दाखवून अवलक्षण.

बोटवाला पिकल्या दाढीचा ओमानी गृहस्थ होता. अंगातला लांब दिश्दाशा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्यावर नक्षीची टोपी. त्यानं आधीच बजावलं, आज जुम्मा आहे, नमाजाच्या आत मला परत फिरायचंय. यल्ला, चला.

पाणी सुंदर होतं, हे मला कबूल करायला हवं. दोन्ही बाजूंना नागडे तपकिरी डोंगर आणि मध्ये हिरवंगार पाणी. पाणी ओसरलं होतं, तेवढा खडकाचा पट्टा पांढरा दिसत होता. मी पहिल्या मुलाला उभं केलं. तो ‘नमस्कार, माझं नाव’ एवढंच म्हणाला आणि डोक्यावरचा लाऊडस्पीकर सुरू झाला. शैक्षणिक म्हणजे काय, ते आम्हाला तेव्हा कळलं. आधी अरबीत, मग इंग्रजीत, धरणाची सगळी माहिती रेकॉर्ड केलेली. जरा थांबलं म्हणून पुन्हा मुलाला उभं केलं, तर पुन्हा सुरू. मी बोटवाल्याला हातानं खूण केली, बंद करा. त्यानं खांदे उडवले. ते एकदा लागलं की खलास होईपर्यंत बंद होत नाही, म्हणाला.

अशा गोंगाटात माझी पोरं मराठी बोलली. कुणी दोन वाक्यांवर थांबलं, कुणी पाचही एका श्वासात संपवली. वर्गातल्या सर्वांत धाकटीच्या वाट्याला ‘हे गोड्या पाण्याचं तळं आहे’ हे वाक्य होतं. ते तिनं न चुकता म्हटलं. मग वाकून हाताचं बोट पाण्यात बुडवलं आणि चाटलं.

‘आंटी, गोड नाहीये,’ ती म्हणाली.

बाकीची मुलं हसली, तिचा चेहरा रडवेला झाला. मी समजावलं, गोडं म्हणजे साखरेचं नाही, खारट नाही ते गोडं. मग गोड का म्हणायचं? कारण तसं म्हणतात. हे उत्तर मला स्वतःलाच पटलं नाही, तिला कुठलं पटणार.

बोटवाल्यानं विचारलं, पोरीला काय हवंय? आणि माझी मुलगी उठून त्याच्याशी अरबीत बोलू लागली. शाळेत ती तिसरी भाषा म्हणून अरबी घेते, हे मला माहीत होतं. मार्क पाहून सही मीच करते. ती अशी बोलते, हे माहीत नव्हतं. बोटवाला खदखदून हसला आणि पाण्याकडे हात करून म्हणाला, ‘माय हिलू, हिलू.’

मुलीनं धाकटीकडे वळून सांगितलं, ‘माय मीन्स वॉटर, हिलू मीन्स स्वीट. दे ऑल्सो कॉल इट स्वीट वॉटर. सेम अ‍ॅज मराठी.’

धाकटीनं मान डोलावली, डोळे पुसले आणि पुन्हा बोट बुडवायला गेली. झालं समाधान. मी दोन आठवडे घोटलेला मराठी शब्द तिला अरबीतून कळला आणि तो समजावला इंग्रजीत. काखेत कळसा नि गावाला वळसा. मला हसू यायला हवं होतं. राग आला.

आणि मुलगी तिथेच उभी राहिली. इथे मासे आहेत का, तिनं विचारलं. समक वाजिद, तो म्हणाला, खूप आहेत. मग ती कशाकशाबद्दल बोलत राहिली, अडायची, तो शब्द पुरवायचा, ती तो उचलायची. बोलताना तिचे हात हलत होते. माझ्याशी मराठी बोलताना ते मांडीवर असतात, तोंडी परीक्षेला बसल्यासारखे. मला त्या भल्या माणसाचा हेवा वाटला.

मग तिची पाळी आली. मी सगळ्यांना गप्प केलं, हॅटवालीला व्हिडिओ काढायला सांगितला. ‘या तळ्याचा पाणी ताजा आहे,’ तिनं सुरुवात केली. फ्रेश वॉटरचं ताजं पाणी केलं होतं, आणि तेही पुल्लिंगी. पाचही वाक्यं तशीच. मी इच्छेची वाट पाहत होते. ती आलीच नाही. ‘थँक यू’ म्हणून मुलगी खाली बसली.

मी सगळ्यांसमोर तिला बोलले. पाणी ते, तळ्याचं, गोडं, आणि सकाळभर पुटपुटत होतीस ते काय होतं? ती पाण्याकडे बघत राहिली. बोटवाल्यानं घड्याळ पाहिलं, यल्ला म्हणाला आणि बोट वळवली. दोन मुलांची वाक्यं राहिलीच.

परतीच्या वाटेवर मुलीनं कानांत हेडफोन घातले आणि मी नवऱ्यावर चिडत राहिले, कारण दुसरं कुणी हाताशी नव्हतं. पुढच्या वेळी अशी सहल नाही, म्हणाले, पुढच्या वेळी हॉलमध्येच, दार लावून. तो हूं हूं करत होता. अमेरातची घरं दिसू लागली तेव्हा मागून आवाज आला.

‘आई, मला तुझ्या वर्गाला यायची इच्छा नाही.’

मी मागे वळले. हेडफोन तिच्या हातात होते. ती माझ्याकडे न बघता, सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत बोलत होती.

‘शनिवारी शाळेत अरबीचा जादा वर्ग असतो. पुढच्या महिन्यापासून मी तिकडे जाणार आहे. तुला वाईट वाटेल हे मला माहीत होतं, म्हणून इतके दिवस मी बोलले नाही.’

नवऱ्यानं गाडीचा वेग कमी केला. मी काहीतरी बोलणं भाग होतं आणि मला सवय एकच, चूक दाखवायची. मी तिची चारही वाक्यं मनात पुन्हा म्हटली. इच्छा ती होती. बोलले बरोबर होतं. क्रियापदं जागच्या जागी होती. मी दुसऱ्यांदा शोधलं. काही सापडलं नाही.

वादी अदाई गेली. घर जवळ आलं, तेव्हा मी विचारलं, शनिवारी किती वाजता सोडायचं तुला?

‘अर्ली,’ ती म्हणाली आणि हेडफोन पुन्हा कानांत घातले.