ऑनर्सचा पेशंट

बायको त्यांना पाऊणराव म्हणायची. लाडाने म्हणायची, पण पुराव्यानिशी म्हणायची. हातात घेतलेलं कुठलंही काम पाऊण वाटेवर आलं की पाऊणराव धापा टाकत खाली बसत. बाहेरच्या खोलीच्या तीन भिंती त्यांनी स्वतः रंगवल्या होत्या. चौथी जुन्याच रंगात राहिली, आणि पाहुण्यांना तिच्याकडे पाठ करून बसवायची त्या घरात रीत पडली. पोहायच्या क्लासात ते हात मारायला शिकले, पाय मारायला शिकले, श्वास कधी घ्यायचा हे शिकवण्याच्या आठवड्यात त्यांनी क्लास सोडला.

मग बायकोला पक्षाघात झाला. फिजिओथेरपीवाली एक मुलगी रोज घरी यायची आणि पाऊणराव तिच्या शेजारी उभं राहून सगळं शिकायचे. कूस कशी बदलायची, गुडघा कसा वाकवायचा, मुठीतली बोटं एकेक करून कशी सोडवायची. हे काम मात्र त्यांनी शेवटपर्यंत केलं. ती गेली, तेव्हा हातांना सवय लागून राहिली होती आणि माणूस नव्हतं. संध्याकाळी ते सोफ्याची उशी उचलून उगाच पालथी करून ठेवत.

विमा कंपनीतली कारकुनी सोडून त्यांनी विद्यापीठात फिजिओथेरपीला प्रवेश घेतला, तेव्हा मेव्हणा म्हणाला की दुःखाने माणसाचं असं होतं, होईल कमी. प्रवेशाला वयाची अट नव्हती. अशी अट लागेल हे बहुधा कुणाला सुचलंच नसावं. पहिल्या दिवशी हे वर्गात शिरले आणि अख्खा वर्ग उठून उभा राहिला. हे गडबडून "बसा, बसा" म्हणाले आणि जाऊन शेवटच्या बाकावर बसले. खरोखरचे सर येईपर्यंत मुलं मान वळवून वळवून त्यांच्याकडे पाहत होती. त्या दिवसापासून ते साऱ्या वर्गाचे 'काका' झाले.

काका वर्गात लोकप्रिय होते, पण गालिचा लोकप्रिय असतो तसे. सराव एकमेकांवर करायचा असायचा आणि ज्याला त्याला काका पेशंट म्हणून हवे असत, कारण विशीतली गुडघेदुखी अभिनयाने करावी लागते, काकांचे गुडघे खरोखर वाजायचे. या टेबलावरून त्या टेबलावर त्यांची उसनवारी चाले. त्यांची स्वतःची पाळी येईपर्यंत तास संपायचा आणि मुलं चहाला पळायची. मग काका कोपऱ्यातल्या हाडांच्या सांगाड्यावर सराव करत. सांगाडा सोशिक होता, पण दुखतंय की नाही ते काही सांगत नसे.

तिसऱ्या वर्षी सूचनाफलकावर ऑनर्सच्या अटी लागल्या आणि पाऊणरावांनी त्या चष्मा पुसून वाचल्या. नुसती पदवी मिळवून भागणार नव्हतं. नुसती पदवी म्हणजे तीन भिंती. त्यांना एकदा, आयुष्यात एकदाच, काहीतरी चारही बाजूंनी पुरं करायचं होतं. आता ते बघायला कुणी नव्हतं हा भाग वेगळा. प्रत्येक सत्रात वरचे गुण हवेत, एकही विषय राहिलेला नको, रुग्णालयातल्या कामाचा शेरा उत्तम हवा, स्वतःचा एक शोधप्रकल्प हवा. काकांनी एकेक अट मुंगीने साखर न्यावी तशी वाहून नेली. घरी ते स्नायूंची नावं मोठमोठ्याने पाठ करत आणि वरच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ काठीने जमीन ठोकून "पुरे आता" असं कळवत. काकांना वाटे, चला, कुणीतरी ऐकतंय.

शेवटची अट मात्र विंचवाची नांगी निघाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे प्रात्यक्षिक, तेही पहिल्याच खेपेत पार पडायला हवं, आणि त्यासाठी लागणारा माणूस उमेदवाराने स्वतः आणायचा. प्रौढ, निरोगी, महाविद्यालयाशी संबंध नसलेला, आणि उमेदवाराच्या ओळखीतला. विश्वासाने अंग सैल सोडणाऱ्या माणसाला तुम्ही कसा हात लावता, हे परीक्षकांना पाहायचं असायचं.

वर्गातल्या मुलांना हा प्रश्नच नव्हता. कुणाचा भाऊ, कुणाची खोलीतली मैत्रीण, एकाला तर तीन जण तयार होते आणि त्यांच्यात भांडण लागलं होतं. काका फोन घेऊन बसले. फोनमध्ये बँक होती, गॅसवाला होता, 'प्लंबर', 'प्लंबर नवा' आणि 'प्लंबर येत नाही' अशी तीन माणसं होती. बायकोचा नंबरही होता. मेव्हणा म्हणाला, मला गुदगुल्या होतात. ऑफिसातले जुने सहकारी आवाजावरून ओळखायलाच इतका वेळ लावत, की पुढचं मागायची लाज वाटे. शेवटी त्यांनी न्हाव्याला विचारलं. पंधराएक वर्षं तोच त्यांचे केस कापत होता, मान कुठल्या बाजूला दुखते हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. न्हावी म्हणाला, "येईन की साहेब. नाव काय म्हणालात?"

काका रिकाम्या हाताने घरी परतले. उरले होते फक्त वरचे.

वरचे म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे, चिडके. चार वर्षांतलं दोघांचं संभाषण म्हणजे काठीची ठकठक. काकांनी दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वरच्यांनी दार अर्धंच उघडं ठेवून ऐकलं.

"काढायचं काय काय?"

"शर्ट. आणि पँट गुडघ्याच्या वर."

"हात लावणार कोण? तुम्हीच ना?"

"मीच."

"मग हरकत नाही."

"तब्येत मात्र ठणठणीत हवी. नियम आहे."

"ठणठणीतच आहे," वरचे म्हणाले आणि डाव्या हाताने दार पूर्ण उघडलं. "पाणी घेणार?"

पाणीही त्यांनी डाव्याच हाताने दिलं. पेपर ते डाव्या हाताने उचलत, जिन्याचा कठडाही डाव्याच हाताने धरत. काका त्यांना डावखुरे समजत होते. शरीरातला एकूण एक स्नायू त्याच्या मुळासकट पाठ असलेल्या या विद्वानाला शेजाऱ्याचा उजवा हात कधी खांद्याच्या वर गेलेला दिसला नाही, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. स्वतःच्या ओळखीत एक माणूस निघाला, या आनंदात त्यांनी त्याला तपासायचंही सोडून दिलं. तिथेही पाऊणच.

परीक्षेच्या दिवशी वरचे इस्त्रीचा शर्ट आणि आत कोराकरकरीत बनियन घालून जिन्यात येऊन उभे होते. केसांना तेल लावलं होतं. लग्नाला निघालेल्या माणसाच्या तोंडावर असते तशी कळा होती.

तीन परीक्षक होते. मुख्य परीक्षक बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. कंबर झाली, गुडघे झाले, मान झाली. काकांचे हात जसे काही बऱ्याच दिवसांनी घरी आले होते. वरच्यांनी डोळे मिटले होते. मग बाई म्हणाल्या, आता उजवा खांदा, पूर्ण वरपर्यंत.

काकांनी कोपराखाली हात घातला आणि हात उचलला. निम्म्यावर येऊन तो अडला. पाठीवरचं खांद्याचं पातं उचकून वर आलं. वरचे छताकडे पाहून हसत होते आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते.

आखडलेला खांदा. आणि तो चांगलाच जुना.

दोन परीक्षक मान खाली घालून लिहीत होते. बाईंच्या आणि टेबलाच्या मधे काकांची पाठ होती. जरा जोर लावला असता, जरा अंग वळवलं असतं, तर निभावलं असतं. वरच्यांनी हूं की चूं केलं नसतं हे त्यांना दिसत होतं. चौथी भिंत समोर उभी होती आणि ब्रश हातात होता.

काकांनी तो हात हळूच खाली आणला आणि कोपराखाली उशी सरकवली.

"मॅडम, यांचा खांदा आखडलेला आहे. मला पुढे जाता येणार नाही."

"दुसरा करा की," वरचे डोळे न उघडता म्हणाले. "डावा उत्तम आहे."

बाईंना हसू आवरेना, पण नियमही मोडवेना. माणूस निरोगी आहे की नाही, हे आधी तपासणं उमेदवाराचंच काम होतं. वरचे उठून बसले आणि बनियनवरच भांडू लागले, की खोटं मी बोललो, यांचे गुण कशाला कापता. बाईंनी त्यांना शर्ट दिला, एका बाहीत हात घालायला मदतही केली. मग काकांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही पास आहात. थांबलात ते बरोबर केलंत. पण ऑनर्स नाही देता येणार."

बसमध्ये दोघं शेजारी बसले होते. बऱ्याच वेळाने वरचे खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मला वाटलं, चालून जाईल." आणि अजून दोन थांबे गेल्यावर, "माझ्याकडे कुणी काही मागून बरीच वर्षं झाली होती हो."

काकांनी मान हलवली. त्यांना राग येत होता, आणि तो नेमका कुणाचा येतोय हे समजत नव्हतं.

पदवीदानाला ऑनर्सवाली मुलं पिवळे पट्टे घालून पुढच्या रांगांत बसली. काकांचं नाव आलं तेव्हा वर्गाने टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. पोरं तशी प्रेमळच. नंतर हिरवळीवर फोटो सुरू झाले. "काका, जरा काढता का?" म्हणत एकेका घराने त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी सगळ्यांचे फोटो काढले, आजीला मधे घेऊन, उंच भावाला मागे उभं करून, डोळे मिटले म्हणून पुन्हा. एकाही फोटोत ते नव्हते. घरी येऊन त्यांनी पदवी चौथ्या भिंतीशी टेकवून ठेवली आणि दिवा न लावता बसून राहिले. आता पाठ करायलाही काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरून ठकठक झाली. काकांनी आजूबाजूला पाहिलं. आवाज होईल असं घरात काहीच चालू नव्हतं. पुन्हा ठकठक झाली. ते वर गेले. दार उघडंच होतं आणि वरचे शर्ट काढून खुर्चीवर बसले होते.

"पदवी मिळाली ना?" ते म्हणाले. "मग करा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी काका वर जातात. बोलणं फारसं होत नाही. एकाचा खांदा दुखत असतो आणि दुसरा मोजक्या शब्दांत "सैल सोडा" म्हणत असतो. परवा हात कानाच्या जवळपास पोचला. वरच्यांनी त्याच हाताने फडताळातला डबा काढून दाखवला आणि म्हणाले, "पाऊण आला. या वयात एवढा पुष्कळ झाला मला."

काकांनी डबा परत जागेवर ठेवला.

"मला नाही पुरणार," ते म्हणाले. "उद्या येतो."

खाली येऊन त्यांनी दार लावलं आणि जुन्या भिंतीकडे पाठ करून बसले. वर पावलं खोलीभर फिरली, नळ वाजला, खाट करकरली. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही, तरी ते बराच वेळ वर कान देऊन होते.