शैलजाबाईंची गोळी

शैलजा परब मूळच्या कुडाळच्या. सिल्वासाच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायच्या. नवरा रमाकांत अचानक गेला तेव्हापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली आणि बजावलं, "दोनच आठवडे घ्या. मग मला भेटा."

बाई पुन्हा गेल्याच नाहीत. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या द्यायचा. "बेन, तमे तो टीचर छो, तुमच्यावर कसला अविश्वास?" एकीने भागेना, तशा त्या दोन घेऊ लागल्या.

अशी काही वर्षं गेली. सकाळी डोकं जड असायचं. फळ्यावर गणित सोडवताना पुढची पायरी सुचायची नाही, वर्ग हसायचा. एकदा शाळेच्या जिन्यात तोल जाऊन मनगट मोडलं. मुलगा केदार पुण्याहून आला. "आजीचंही विसरणं असंच सुरू झालं होतं. बस झाली नोकरी," म्हणाला. मुख्याध्यापकांनीही मान डोलावली. बाईंनी राजीनामा दिला. तुम्ही औषध काय घेता, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

मग मेडिकलवाल्याकडचा माल संपला आणि गोळी एकाएकी बंद झाली. हात थरथरू लागले, भिंतीवर मुंग्या चालताना दिसू लागल्या. शेजारच्या अश्विनीने त्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मृणाल यांनी रिकामं पाकीट पाहिलं.

"ही एकदम बंद करायची नसते, जिवावर बेतलं असतं. हळूहळू कमी करू."

"आणि माझं विसरणं?"

"बरंचसं या गोळीमुळेच असणार."

गोळी पूर्ण सुटायला कित्येक महिने लागले. झोप अर्धवटच यायची, चिडचिड व्हायची. पण डोक्यातलं धुकं विरलं. दहावीची अख्खी प्रश्नपत्रिका त्यांनी एका बैठकीत सोडवली आणि केदारला फोन केला.

"छान. पण आता आरामच कर, आई," तो लहान मुलीशी बोलावं तसा बोलला.

दुसऱ्या दिवशी, पुन्हा शिकवायला मिळेल का हे विचारायला, त्या शाळेत गेल्या. स्टाफरूममध्ये एक तरुण शिक्षक उठून उभा राहिला. एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने म्हणाला, "बाई, मी तुषार. तुमचा विद्यार्थी. ओळखलंत?"

"ओळखलं. आणि मला ऐकू येतं."

तो ओशाळला. "आता कोणता विषय घेतोस?" बाईंनी विचारलं.

"गणित, बाई. तुमच्याच जागेवर."

शैलजाबाईंनी त्याला नीट शिकव म्हणून सांगितलं आणि चहा न घेताच त्या बाहेर पडल्या.